रयत, राजा आणि बुद्ध : सिहानूक यांचा ‘संगकुम’ आणि आंबेडकरांची कसोटी

कंबोडियाच्या ख्मेर भाषेत ‘रिअस्त्र’ असा एक शब्द आहे. तो मूळचा संस्कृत ‘राष्ट्र’. आपल्याकडे या शब्दाने देश, भूमी, अस्मिता असा अर्थविस्तार केला. तिकडे त्याचा अर्थ खाली उतरत सामान्य प्रजा, राजाच्या छत्राखालची माणसे, म्हणजे आपण ज्याला रयत म्हणतो, तेथे येऊन थांबला. १९५५ साली कंबोडियाचे राजे नरोदम (म्हणजे नरोत्तम) सिहानूक यांनी ‘संगकुम रिअस्त्र नियुम’ या नावाची राजकीय चळवळ उभी केली, तेव्हा त्यांनी हाच शब्द मध्यभागी ठेवला. ‘संगकुम’ म्हणजे संगम, समाज; ‘नियुम’ म्हणजे नियम, परंतु आधुनिक ख्मेरमध्ये तो ‘वाद’ या प्रत्ययासारखा वापरला जातो. इंग्रजी-फ्रेंच ग्रंथांत या नावाचा अनुवाद ‘लोकांचा समाजवादी समाज’ अशा धर्तीवर केलेला आढळतो. मराठी वाचकाला मात्र त्यातली रयत ऐकू आली पाहिजे, कारण या चळवळीचे सारे सामर्थ्य आणि सारा दोष त्या एका शब्दात दडलेला आहे.

प्रस्तुत लेखात या चळवळीच्या विचाराची समीक्षा करावयाची आहे. बौद्ध धम्म, समाजवाद आणि एकाच्या हाती एकवटलेली सत्ता यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न ज्या वर्षांत चालू होता, जवळपास त्याच वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर धम्म, समाजवाद आणि हुकूमशाही या तीन गोष्टींचा विचार करीत होते. त्यांचा निष्कर्ष मात्र दुसऱ्या टोकाचा होता. बिदर आणि कलबुरगी जिल्ह्यांतील अध्यापकांना हा विषय वाटतो तितका दूरचा नाही, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

प्रथम घटनाक्रम. १९४१ मध्ये फ्रेंचांनी अठरा वर्षांच्या सिहानूक यांना गादीवर बसविले. पोरसवदा राजा आपल्या ऐकण्यात राहील हा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. १९५२-५३ मध्ये या राजाने स्वातंत्र्यासाठी स्वतःच मोहीम उघडली आणि ९ नोव्हेंबर १९५३ रोजी कंबोडिया स्वतंत्र झाला. १९५४ च्या जिनिव्हा करारानुसार १९५५ मध्ये निवडणूक घेणे भाग होते. खुल्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्ष जिंकण्याची शक्यता होती, आणि घटनात्मक राजाला पक्षीय राजकारणात उतरता येत नव्हते. सिहानूक यांनी काढलेला तोड राज्यशास्त्राच्या कोणत्याही वर्गात सांगण्याजोगा आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये त्यांनी आपल्या कामगिरीवर सार्वमत घेतले. मतपत्रिका दोन रंगांच्या होत्या, राजाच्या बाजूची पांढरी आणि विरोधाची काळी. ९९ टक्क्यांहून अधिक मते पांढरी निघाली. २ मार्च रोजी त्यांनी राज्यत्याग करून वडील सुरामरित यांना गादीवर बसविले आणि त्यानंतर लवकरच संगकुमची स्थापना केली. सप्टेंबरच्या निवडणुकीत राष्ट्रीय सभेच्या सर्वच्या सर्व ९१ जागा संगकुमला मिळाल्या.

मुकुट उतरला, पण राजेपण उतरले नाही. खेड्यातला शेतकरी त्यांच्यापुढे पूर्वीसारखाच गुडघे टेकत होता. १९६० मध्ये वडील वारल्यावर त्यांनी नवा राजा नेमू दिला नाही. गादी रिकामी राहिली, राणीमाता गादीचे प्रतीक झाल्या आणि सिहानूक स्वतः राष्ट्रप्रमुख झाले. राजाला घटनेची जी बंधने असतात ती त्यांना नव्हती, आणि पंतप्रधानाला जो पराभव संभवतो तोही त्यांना संभवत नव्हता.

संगकुमला पक्ष म्हणवून घेणे मान्य नव्हते. सभासद होताना दुसऱ्या कोणत्याही पक्षाचे सभासदत्व असता कामा नये, ही अट होती. पक्ष म्हणजे फूट आणि संगकुम म्हणजे एकोपा, असा युक्तिवाद होता. त्यामुळे लहानमोठे पक्ष एकेक करून आत विरघळले. जे विरघळले नाहीत त्यांच्याशी कसे वागण्यात आले याचे उदाहरण १९५७ चे आहे. उरल्यासुरल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यांना ‘चर्चेसाठी’ राजवाड्यात बोलाविण्यात आले, ती चर्चा ध्वनिक्षेपकांवरून बाहेरच्या जमावाला ऐकविण्यात आली आणि बाहेर पडताना त्यांना मारहाण झाली. काही दिवसांत पक्ष विसर्जित झाला. १९६० मध्ये डाव्या पत्राचे संपादक खिऊ सांफान यांना भर रस्त्यात विवस्त्र करून मारण्यात आले. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

तरीही ही केवळ दडपशाही होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि समीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगीही. संगकुमची सर्वांत लक्षवेधी संस्था म्हणजे राष्ट्रीय काँग्रेस. वर्षातून दोनदा नॉम पेन्ह येथे राजवाड्यालगतच्या मैदानात ही सभा भरे. कोणीही यावे, गाऱ्हाणे मांडावे, मंत्र्याला जाब विचारावा, अशी तिची रीत. मंत्री खाली मान घालून उत्तरे देत आणि सिहानूक मध्यस्थ, न्यायाधीश, विनोदवीर अशा सर्व भूमिका वठवीत. शेतकऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची अशी जागा फ्रेंच अमलात कधी मिळाली नव्हती. आपल्याकडील जुन्या दरबारी कथांत घंटा वाजवून फिर्याद करणारा गरीब माणूस असतो, त्याचेच हे विसाव्या शतकातील ध्वनिक्षेपकासहित रूप. या सभेत प्रत्येकाला जाब विचारता येई, फक्त एकाला सोडून. जो न्याय देत होता त्याच्याविरुद्ध फिर्याद नेण्याची घंटा त्या मैदानात बांधलेलीच नव्हती.

आता ‘बौद्ध समाजवाद’ या सिद्धान्ताकडे वळू. सिहानूक यांची मांडणी थोडक्यात अशी : आमचा समाजवाद मार्क्सचा नाही; वर्गसंघर्ष आम्हांला मान्य नाही. बुद्धाने करुणा शिकविली, तेव्हा ज्याच्याकडे आहे त्याने नसलेल्याला द्यावे आणि राज्यकर्त्याने दुर्बळाला हात द्यावा. प्राचीन ख्मेर राजे हेच करीत आले. या परंपरेचा मोठा आधार म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीचा बौद्ध सम्राट सातवा जयवर्मन, ज्याच्या शिलालेखांत १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. त्याच्याही मागे सम्राट अशोक. बौद्ध वाङ्मयात या विचाराला आधार नाही असे नाही. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राज्यात चोऱ्या वाढल्या तर शिक्षा वाढवू नये, शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि चाकराला वेतन द्यावे असा सल्ला राजाला मिळतो. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात गरिबाला धन न दिल्यामुळे दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा अशी साखळी दाखविली आहे. धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला बुद्धवचनांतील हा सामाजिक आशय फार पूर्वीपासून परिचित आहे.

अशोकाचा उल्लेख येथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. कलबुरगी जिल्ह्यातील चितापूर तालुक्यात भीमेच्या काठी सन्नती येथे चंद्रलांबा मंदिराच्या आवारात १९८० च्या दशकात अशोकाचे आदेश कोरलेली शिळा सापडली. जवळच कनगनहळ्ळी येथील स्तूपाच्या उत्खननात ‘रायो असोको’ अशी अक्षरे असलेले राजाचे शिल्प मिळाले. सन्नतीच्या शिळेवर जे स्वतंत्र आदेश आहेत ते अन्यत्र फक्त ओडिशातील धौली आणि जौगड येथे आढळतात. सर्व माणसे माझी लेकरे आहेत असे राजा या आदेशांत आपल्या अधिकाऱ्यांना सांगतो. तेथे आलेला शब्द ‘पजा’, म्हणजे प्रजा. प्रजा म्हणजे राज्यातील लोक आणि प्रजा म्हणजे संततीही. सिहानूक यांना कंबोडियातील लोक ‘समदेच उव’, म्हणजे राजपिता म्हणत आणि तेही लोकांना लेकरे म्हणूनच संबोधीत. अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर आणि बावीसशे वर्षांनंतर तोच शब्द तेच काम करीत होता.

भाषेच्या अध्यापकाला येथे थोडे रेंगाळावेसे वाटते. आपल्या बोलीत ‘रयत’ आहे, ती अरबीतून आली. मूळ ‘रईयत’ म्हणजे राखलेला कळप; ‘राई’ म्हणजे मेंढपाळ. उर्दूत तिचेच अनेकवचन ‘रिआया’. प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपल्या कळपाविषयी त्याला जाब द्यावा लागेल, या आशयाची हदीस आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. म्हणजे संस्कृतातून ‘राष्ट्र’, प्राकृतातून ‘पजा’ आणि अरबीतून ‘रईयत’ : तीन वाटांनी आलेले तीन शब्द एकाच गोठ्याशी येऊन मिळतात. वर बाप किंवा राखणदार, खाली लेकरे किंवा मेंढरे. या शब्दांत माया पुष्कळ आहे आणि ती खोटी नाही. अशोकाच्या त्या आदेशांत विनाकारण कोणाला कैदेत टाकू नये, छळू नये, असे अधिकाऱ्यांना बजावले आहे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हदीसमधील ‘जाब’ या शब्दावर आपण नेहमी पुरेसा जोर देत नाही. आखिरतमध्ये राखणदाराला जाब विचारणारा अल्लाह आहे. या जगात, राज्यव्यवहारात, तो कोणी विचारायचा? कळपाने विचारायचा म्हटले तर तो कळप उरत नाही, आणि तेथूनच नागरिक सुरू होतो. संगकुमने हा शेवटचा प्रश्न घेतलाच नाही.

त्याची किंमत कशी मोजावी लागली ते शिक्षण आणि शेती या दोन क्षेत्रांत दिसते. शिक्षणावर सिहानूक यांनी मोकळ्या हाताने खर्च केला. खेडोपाडी शाळा निघाल्या, १९६० पासून एकामागून एक विद्यापीठे उघडली. नवशिक्षितांना नोकऱ्या मात्र मोजक्याच होत्या आणि त्या राजपुत्राच्या मर्जीशी बांधलेल्या होत्या. वाचायला शिकलेल्या तरुणाला वर्तमानपत्रात सरकारची स्तुती तेवढी वाचायची होती. शिक्षण दिले आणि शिक्षणाने जे प्रश्न सुचतात ते विचारण्याची मुभा दिली नाही, या विसंगतीतून डाव्या गुप्त गटांना शाळामास्तरांचा आणि विद्यार्थ्यांचा मोठा पुरवठा झाला. शिक्षण हे देणगी म्हणून दिले की घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे अशी अपेक्षा आपोआप चिकटते. संस्थाचालकांनी आणि आपण अध्यापकांनीही ही गोष्ट स्वतःशी तपासून पाहावी.

आर्थिक समाजवाद आला तो १९६३ च्या नोव्हेंबरात. अमेरिकेची मदत नाकारली आणि बँका, विमा व परदेशी व्यापार सरकारच्या ताब्यात घेण्याचे जाहीर झाले. उद्देश स्वाभिमानाचा होता. पण तांदूळ-खरेदीचा सरकारी भाव आणि सीमेपलीकडे व्हिएतनामी कम्युनिस्ट देत असलेला भाव यांत अंतर पडले, आणि शेतकरी साहजिकच चोरट्या बाजाराकडे वळला. सरकारी तिजोरीला तांदळाच्या निर्यातीतून मिळणारा कर आटला. १९६७ च्या सुरुवातीस सैन्य गावोगाव जाऊन सरकारी भावाने भात उचलू लागले. एप्रिलमध्ये बाटाम्बांग प्रांतातील सामलोट भागात शेतकऱ्यांनी उठाव केला. तो क्रूरपणे चिरडण्यात आला, गावे जाळण्यात आली. करुणेच्या नावाने चाललेल्या राज्यात भाताची पोती बंदुकीच्या धाकाने उचलली गेली. याच सुमारास खिऊ सांफान राजधानीतून नाहीसे होऊन जंगलात गेले. याआधी १९६३-६४ च्या सुमारास एका राजकीय विरोधकाच्या देहदंडाचे चित्रीकरण देशभरच्या चित्रपटगृहांत दाखविण्यात आले होते. सन्नतीच्या आदेशाशी हे कसे जुळवावे?

आता आंबेडकर. त्यांनी संगकुमवर काही लिहिलेले नाही. तेव्हा ही तुलना प्रस्तुत लेखकाची आहे, त्यांची नव्हे. परंतु त्यांच्या तीन मांडण्या एकत्र ठेवल्या तर एक कसोटी तयार होते. पहिली १९४७ ची, ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या निवेदनातील. तेथे आधारभूत उद्योग, शेती आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत, जमीनदार आणि कूळ हा भेद राहू नये, असा स्पष्ट राज्यसमाजवाद आहे. कार्यक्रमापुरते पाहिले तर १९६३ चे सिहानूक यांच्या कितीतरी मागे आहेत. फरक आहे तो हा समाजवाद कोठे लिहायचा यात. आंबेडकरांना तो राज्यघटनेच्या कलमांत लिहून हवा होता, म्हणजे आज आलेल्या सरकारला तो देता येऊ नये आणि उद्या येणाऱ्याला काढून घेता येऊ नये. आणि सोबत संसदीय लोकशाही तशीच राहावी, हुकूमशाही नको, ही अट.

दुसरी मांडणी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणाची. व्यक्तिपूजा धर्मात आत्म्याला तारू शकेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा आपण वारंवार ऐकतो. त्याच भाषणातील दुसरा मुद्दा मात्र क्वचितच कोणी शिकवितो. भारताला संसदीय कामकाज नवे नाही हे सांगताना त्यांनी बौद्ध भिक्खुसंघाचा दाखला दिला : ठराव कसा मांडायचा, गणसंख्या किती, मते कशी मोजायची, गुप्त मतदान कसे घ्यायचे, याचे नियम संघात होते. आता यापुढे १९५५ ची ती पांढरी आणि काळी मतपत्रिका ठेवून पाहावी. दोघेही बौद्ध परंपरेतून राज्यविचार काढीत होते. सिहानूक यांनी परंपरेतून दानशूर राजा उचलला, आंबेडकरांनी मतदान घेणारा संघ उचलला. बौद्ध वाङ्मयात दोन्ही आहेत. कोणते उचलावे हे वाङ्मय सांगत नाही. उचलणाऱ्याची राजकीय दृष्टी सांगते.

तिसरी मांडणी १९५६ ची. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि २० नोव्हेंबर रोजी काठमांडू येथे जागतिक बौद्ध परिषदेपुढे ते बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हा त्यांचा निबंध मरणोत्तर प्रसिद्ध झाला. साध्य एक आहे, साधने भिन्न आहेत, हे त्यांचे सूत्र : शोषण संपले पाहिजे हे दोघांनाही मान्य, पण मार्क्सच्या अनुयायांना हिंसा आणि हुकूमशाही लागते, बुद्धाला मनपरिवर्तन पुरते. भिक्खूच्या खासगी मालमत्तेला आठ वस्तूंची मर्यादा घालून संघाने हुकूमशाहीवाचून साम्यवाद आणला, असे ते दाखवितात. बुद्धाने आपल्यामागे कोणी वारस नेमला नाही, धम्म हाच वारस, या गोष्टीवर त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही भर दिला आहे. सिहानूक यांच्या संगकुमला वारस ही कल्पनाच झेपत नव्हती. चळवळ म्हणजे ते आणि ते म्हणजे चळवळ.

येथे आंबेडकरांच्या मांडणीतील एक पोकळीही दाखविली पाहिजे. त्या निबंधात हुकूमशाहीचा धोका एकाच दिशेने येताना दिसतो, कम्युनिस्टांकडून. धम्माचे नाव घेऊन राज्य करणाऱ्या सत्ताधीशाकडूनही तो येऊ शकतो, हे तेथे तपासलेले नाही. काठमांडूला ते आशियातील बौद्ध देशांच्या प्रतिनिधींपुढे बोलत होते आणि कम्युनिस्ट प्रभावापासून सावध राहा असे सांगत होते. त्याच क्षणी कंबोडियातील विधिमंडळात एकही विरोधी सभासद नव्हता. प्रकृती आणि वेळ दोन्ही त्यांच्या हाती उरले नव्हते हे खरे. पण निबंध वर्गात शिकविताना ही उणीव झाकू नये. ती भरून काढायला त्यांचेच १९४९ चे भाषण पुरेसे आहे. दोन्ही मजकूर एकत्र शिकविले पाहिजेत. बुद्धाने मनपरिवर्तन सांगितले आणि राज्यकर्त्याचे मनपरिवर्तन झाले असे राज्यकर्त्यानेच जाहीर केले, तर त्यावर उपाय काय? १९४९ चे आंबेडकर म्हणतील, घटना आणि गुप्त मतपत्रिका.

राजाश्रयाचे मोल आंबेडकरांना कळत नव्हते असे कोणी समजू नये. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. १९२० मध्ये ‘मूकनायक’ला शाहू महाराजांचे साहाय्य झाले. १९०२ मध्ये निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखणारा तो राजा होता. ही मदत त्यांनी घेतली, ऋण मानले, आणि राजकारण मात्र राजाच्या छत्राखाली उभे केले नाही. मदत घेणे आणि आपले सार्वभौमत्व त्या हाती देणे यांत त्यांनी जे अंतर राखले, ते आपल्या हैदराबाद संस्थानात राखले गेले नाही.

हा भाग लिहिणे सोपे नाही, पण टाळणेही बरोबर नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जुन्या पिढीच्या तोंडी ‘सरकार’ म्हणजे मीर उस्मान अली खान. १९१८ ची उस्मानिया युनिव्हर्सिटी आणि उर्दूतून दिलेले उच्च शिक्षण ही त्यांच्या कारकिर्दीची खरी कमाई आहे आणि उर्दूच्या अध्यापकाने ती कृतज्ञतेनेच आठवावी. परंतु इत्तेहादुल मुसलमीनने १९३८ नंतर जो सिद्धान्त मांडला तो असा की, दख्खनच्या मुसलमानांचे सार्वभौमत्व बादशहाच्या व्यक्तीत मूर्त झालेले आहे. ‘अनल मलिक’, मीच राजा. बहादूर यार जंग यांच्यासारख्या निःस्पृह वक्त्याच्या तोंडी हा विचार उदात्त वाटे, आणि ऐकणाऱ्या गरीब मुसलमानाला आपण राजा असल्याचा भास होई. त्याची जमीन, मजुरी, मुलाची शाळा यांत त्या राजेपणाने काय बदलले, हा प्रश्न सभेत कोणी विचारीत नसे. कासीम रझवी यांच्या काळात तर उदात्तताही गेली. दलितांतील काही नेते निजाम सरकारच्या बाजूला गेले; बी. एस. व्यंकटराव लायक अली मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले, दलित शिक्षणासाठी एक कोटीचा निधी जाहीर झाला, बी. श्यामसुंदर हैदराबादच्या शिष्टमंडळासोबत संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेले. त्यांना निव्वळ फितूर ठरविणाऱ्या इतिहासाशी आम्ही सहमत नाही. देणारा हात समोर होता आणि दुसरीकडे काय मिळेल याची खात्री नव्हती. आंबेडकरांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्येच दलितांना निजामाची बाजू घेऊ नका असे जाहीरपणे सांगितले होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामांनी शरणागती दिली. राजाच्या व्यक्तीत ठेवलेले सार्वभौमत्व एका संध्याकाळी राजाच्या बरोबर गेले. पुढे निजाम राजप्रमुख झाले, वर्षाला ५० लाखांचा तनखा मिळाला. ज्यांना आपण राजे आहोत असे सांगितले गेले होते, त्यांच्यावर काय गुदरले हे सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत बिदर आणि गुलबर्गा ही दोन नावे आहेत. समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा आहे. त्या हत्यांचा दोष करणाऱ्यांचाच. त्यात किंचितही कमी-अधिक करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न वेगळा आहे. संस्थानात लोकांच्या स्वतःच्या संघटना, निवडून दिलेली मंडळे, हिंदू-मुसलमान-दलित शेतकऱ्यांचे एकत्र व्यासपीठ असते, तर राजा कोसळल्यावर माणसे इतकी उघडी पडली असती का?

कंबोडियात याचे अधिक भीषण रूप दिसले. १८ मार्च १९७० रोजी सिहानूक परदेशात असताना राष्ट्रीय सभेने त्यांना पदच्युत केले. ही त्यांच्याच संगकुमची सभा होती. पाच दिवसांनी त्यांनी बीजिंगहून नभोवाणीवरून लोकांना जंगलात जाऊन लढण्याचे आवाहन केले. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षे चिरडले त्या ख्मेर रूजशी आता त्यांची युती होती आणि मारहाण झालेले तेच खिऊ सांफान त्यांचे साथीदार होते. खेड्यातील हजारो तरुण कम्युनिस्ट म्हणून गेले नाहीत, राजपित्याने बोलाविले म्हणून गेले. १७ एप्रिल १९७५ ला नॉम पेन्ह पडले. भिक्खूंची चीवरे उतरवून त्यांना शेतात जुंपण्यात आले, विहार ओस पडले. सिहानूक काही काळ नामधारी राष्ट्रप्रमुख होते, नंतर स्वतःच्याच राजवाड्यात नजरकैदेत. १९९३ मध्ये ते पुन्हा राजे झाले, २००४ मध्ये पुन्हा राज्यत्याग केला आणि २०१२ मध्ये बीजिंगला वारले. रस्त्यांवर लाखो लोक रडत होते. ते अश्रू खोटे होते असे म्हणवत नाही.

श्यामसुंदर यांची पुढची वाटचाल या संदर्भात पाहण्यासारखी आहे. ज्यांनी एकेकाळी राजाच्या छत्राचा आधार घेतला, त्यांनीच १९६८ मध्ये गुलबर्ग्यात भीमसेना काढली. नाव आंबेडकरांचे घेतले आणि भाषा मागणीची होती, विनंतीची नव्हे. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन तुकडे होऊन आपण म्हैसूर राज्यात आलो होतो. नीलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्याकडे गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे. मागासलेपण मात्र सगळीकडे सारखेच वाटले गेले. त्यावरचा उपाय म्हणून संविधानात ३७१ (ञ) हे कलम यायला २०१३ साल उजाडले. आपल्या महाविद्यालयांतील मुले प्रवेशाच्या वेळी त्याचा दाखला काढतात. दाखला मिळाला की त्यांचे पालक आजही म्हणतात, ‘सरकारने दिले.’ त्या कलमाचा मजकूर एक पानाहून फार मोठा नाही. तो मराठीत आणि उर्दूत करून वर्गात वाचून दाखविता येईल, एका तासात होईल.